जुन्या जमिनीवर नवे फ्लोअरिंग: व्यावसायिक इमारतीत तळ कसा तयार करावा

विनाइल शीट वर्षभरात फुगली, कार्पेट टाइलचे कोपरे सुटले, नव्या टाइल्स पायाखाली पोकळ वाजू लागल्या, की बोट पहिल्यांदा मालाकडे जाते आणि मग गोंदाकडे. तो तुकडा उकरला की कारण बहुतेक वेळा त्याच्याही खाली सापडते: ओल धरलेला स्लॅब, अर्धवट खरवडलेला जुना गोंद, वरची मऊ सिमेंटची साय, किंवा झाडूनही राहिलेली धूळ. गोंद ज्या थराला धरतो तो थर स्वतः खाली घट्ट नसेल, तर गोंद कितीही महागाचा असो, तो थर सोबत घेऊनच वर येतो.

हा लेख कार्यालये, दुकाने, शाळा, रुग्णालये अशा इमारतींतल्या कामासाठी आहे. तिथे ट्रॉल्या, खुर्चीची चाके, रोजची ओली सफाई आणि शेकडो पायांची वर्दळ असते. घरात वर्षानुवर्षे लपून राहणारा दोष इथे काही महिन्यांत वर येतो.

यंत्र आणण्याआधीची पाहणी

पहिल्या दिवशी कामगार नको, माहिती हवी. इमारतीचे नकाशे मिळाले तर चार गोष्टी शोधा: स्लॅब थेट जमिनीवर आहे की वरच्या मजल्यावर, जमिनीवर असेल तर त्याखाली ओल अडवणारा पडदा आहे का, काँक्रीटमध्ये गरम पाण्याचे पाइप किंवा विजेच्या नळ्या आहेत का, आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचा आहे का. शेवटचा मुद्दा जिवावरचा आहे. पोस्ट-टेन्शन स्लॅबमधल्या ताणलेल्या केबलला ड्रिल किंवा कटर लागला तर ती प्रचंड जोराने सुटते आणि स्लॅबची ताकदही जाते. नकाशे नसतील किंवा शंका असेल, तर स्कॅनिंग केल्याशिवाय एकही भोक पाडू नका.

मग जागेचा पूर्वीचा वापर विचारा. आधी स्वयंपाकघर, छापखाना, गॅरेज किंवा प्रयोगशाळा असेल, तर तेल आणि रसायने काँक्रीटमध्ये खोल मुरलेली असतात आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

त्यानंतर चाचणीचे खड्डे. जमिनीचे रूप जिथे जिथे बदलते, अशा प्रत्येक भागात साधारण ३०० × ३०० मि.मी.चा तुकडा काँक्रीट लागेपर्यंत उघडा. एकावर एक तीन थर निघणे नवलाचे नाही: वर कार्पेट टाइल, खाली विनाइल, त्याखाली काळा गोंद आणि एखादा जुना लेव्हलिंगचा (तळ सपाट करण्यासाठी ओतलेला) थर. प्रत्येक थराची जाडी आणि तो हाताने किती सहज सुटतो, हे लिहून ठेवा.

अॅस्बेस्टॉसची शंका आली की काम थांबवा. विसाव्या शतकात बसवलेल्या ९ × ९ इंची (सुमारे २३० × २३० मि.मी.) कडक टाइल्स, त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद, आणि जुन्या विनाइल शीटच्या पाठीचा राखाडी, कागदासारखा थर या तिन्हींमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. १२ इंची टाइल म्हणजे सुरक्षित, असेही नाही. नमुना प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत तिथे घासणे, तोडणे, ग्राइंडर लावणे, कोरडे झाडणे सगळे बंद. अॅस्बेस्टॉस आढळले आणि टाइल्स घट्ट असल्या, तर न छेडता त्यांवर थर देऊन झाकणे हा बऱ्याचदा शहाणपणाचा पर्याय असतो. काढायच्याच असतील तर ते परवानाधारक पथकाचे काम.

पाहणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे उंचीचा हिशेब. लेझर लावून दर २ ते ३ मीटरवर पातळी मोजा आणि आकडे नकाशावर मांडा. त्यातून खड्डे-उंचवटे तर कळतातच, शिवाय लेव्हलिंगचा माल किती लागेल तेही इथेच ठरते. सोबत दरवाजांच्या खालची फट, लिफ्टचे उंबरठे, जमिनीतले विजेचे डबे आणि जाळ्यांची तोंडे मोजा. जिन्याकडे खास लक्ष द्या. मजल्यावर १० मि.मी. चढवले की तिथून वर जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी १० मि.मी.ने बुटकी आणि खालून तिथे येणाऱ्या जिन्याची शेवटची पायरी तेवढीच उंच होते. पायाला एकसारख्या चढाची सवय असते, त्यामुळे लोक नेमके अशाच ठिकाणी अडखळतात. अग्निरोधक दरवाजे तर खालून मनाला येईल तसे तासताही येत नाहीत, कारण खालच्या फटीवर त्यांचे प्रमाणन अवलंबून असते.

शेवटी हातोडी. संपूर्ण जागा ठोकत फिरा, मोठ्या जागेत जड साखळी ओढत न्या. आवाज बदलला तिथे खडूने वर्तुळ काढा. मार्कर पेन वापरू नका. त्याची शाई काही महिन्यांत विनाइलमधून वर झिरपते आणि तो डाग कशानेही जात नाही.

ओल: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

तीस वर्षे जुना स्लॅब कधीच वाळला असेल, हे गृहीतक बरीच कामे बुडवते. जमिनीवरच्या स्लॅबखाली पडदा नसेल किंवा फाटला असेल, तर मातीतली वाफ अखंड वर येत राहते. मग जुनी जमीन इतकी वर्षे कशी टिकली? जुना डांबरी गोंद ओलीला बऱ्यापैकी दाद देत नसे, आणि छोट्या टाइल्सच्या शेकडो सांध्यांमधून थोडी वाफ बाहेरही पडत असे. आजचे पाण्यावर आधारित अॅक्रिलिक गोंद ओलीत पुन्हा मऊ होतात, आणि अखंड विनाइल शीट वाफेला वाटच ठेवत नाही.

ओलीबरोबर क्षारही वर येतात. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वरचा पातळ पापुद्रा कालांतराने सौम्य होतो आणि गोंदाला तोच सांभाळून घेतो. ग्राइंडिंगमध्ये हा पापुद्रा निघून जातो आणि खालचे तीव्र अल्कली उघडे पडते. त्यामुळे पीएचची तपासणी घासण्यानंतर करायची. शुद्ध पाण्याचे थेंब टाकून मिनिटभराने पट्टी लावा. बहुतेक गोंदांना ७ ते १० दरम्यानचा पीएच चालतो, नेमकी मर्यादा डब्यावर किंवा माहितीपत्रकात असते.

ओल मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही.

प्लास्टिकचा तुकडा चिकटवण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते: ४५० मि.मी. चौकोनी कागद चारही बाजूंनी टेपने बंद करून किमान १६ तास ठेवायचा. खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल नक्की आहे. काही दिसले नाही, तर मात्र ओल नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. हाताचा इलेक्ट्रॉनिक मीटर जास्त ओलीच्या जागा हुडकायला उत्तम, पण निर्णय त्यावर घेऊ नये. जुने आवरण काढल्यावर वरचे काही मिलिमीटर लगेच वाळतात. मीटर तेवढेच वाचतो आणि कोरडे दाखवतो. नवे आवरण पडले की खालची ओल पुन्हा वर येऊन समान पसरते.

कॅल्शियम क्लोराइडची चाचणी ६० ते ७२ तास चालते आणि पृष्ठभागातून किती वाफ निघते ते सांगते. तीही वरच्या थराबद्दलच जास्त बोलते, आणि हलक्या वजनाच्या काँक्रीटवर ती ग्राह्य धरत नाहीत.

भरवसा ठेवावा तो स्लॅबच्या पोटातली सापेक्ष आर्द्रता मोजण्याच्या पद्धतीवर, म्हणजे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एफ २१७० या पद्धतीवर. ती अशी करा:

१. जागा वापरात असताना जसे तापमान आणि आर्द्रता असेल, तसे वातावरण किमान ४८ तास आधीपासून ठेवा. एसी बंद ठेवून घेतलेला आकडा फसवतो.

२. भोकाची खोली ठरवा. स्लॅब एकाच बाजूने वाळत असेल (जमिनीवरचा, किंवा खाली धातूचा पत्रा असलेला) तर जाडीच्या ४० टक्के, दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर २० टक्के. १२५ मि.मी. जाडीच्या जमिनीवरच्या स्लॅबसाठी हे ५० मि.मी. येते.

३. संख्या ठरवा. पहिल्या १,००० चौरस फुटांना (सुमारे ९३ चौ.मी.) ३ भोके, पुढच्या प्रत्येक १,००० चौरस फुटांना आणखी १. म्हणजे ६०० चौ.मी.च्या मजल्याला ९. जमिनीवरच्या स्लॅबमध्ये बाहेरच्या भिंतींपासून मीटरभराच्या आत भोके असलीच पाहिजेत, कारण पाणी बहुधा तिथूनच शिरते.

४. भोक कोरडे पाडा, ब्रश आणि व्हॅक्यूमने आतली पूड पूर्ण काढा, नळी बसवून तोंड बंद करा आणि २४ तासांनी वाचा.

विनाइलच्या बऱ्याच गोंदांना ७५ ते ८५ टक्क्यांपर्यंत चालते, काही नव्या गोंदांना त्याहून वर. लाकडाला कमी लागते. सरासरी काढत बसू नका. ८ भोके ७० टक्के आणि एक ९२ टक्के दाखवत असेल, तर त्या एका भोकाभोवतीचा भाग हा प्रश्न आहे. आधी गळका पाइप, एसीचे पाणी, बाहेरचा तुंबलेला निचरा तपासा. स्रोत बंद न करता वर लेप लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

आकडा मर्यादेबाहेर असेल आणि वाट पाहायला वेळ नसेल, तर दोन घटकांचा इपॉक्सी ओलरोधक लेप द्यावा लागतो. नव्याने ओतलेल्या काँक्रीटला दर २५ मि.मी. जाडीमागे साधारण एक महिना लागतो, हा अंदाज दुरुस्तीच्या जाड भागांनाही लावून पाहा. मग लेपाचा खर्च किती वाजवी आहे ते कळेल. लेपाखाली जुना गोंद, रंग, लेव्हलिंग काहीही राहता कामा नये. स्लॅब शॉटब्लास्ट करून (पोलादी छऱ्यांचा मारा करून) उघडा करायचा, उत्पादकाने सांगितलेली जाडी ओल्या थरावर गेजने मोजत भरायची, आणि शेवटच्या ओल्या थरावर कोरडी सिलिका वाळू भरपूर उधळायची. सुकल्यावर सुटी वाळू उचलली की लेव्हलिंगला धरायला खरबरीत पृष्ठभाग मिळतो. टाचणीएवढे छिद्र राहिले तरी वाफ तिथून वर येते, म्हणून वाळू उधळण्याआधी लेप बारकाईने तपासा.

जुने थर काढणे

सुट्या घातलेल्या कार्पेट टाइल्स हाताने निघतात. चिकटवलेले कार्पेट ३०० मि.मी.च्या पट्ट्या कापून ओढा. मोठ्या जागेत बसून चालवायचा स्क्रॅपर वेळ वाचवतो, मात्र त्याचे वजन बरेच असते. वरच्या मजल्यावर आणि खास करून उचललेल्या (पायांवर पॅनेल टेकवलेल्या) जमिनीवर तो चढवण्याआधी भारक्षमता विचारा.

गोंदाचे अवशेष ही खरी लढाई. मऊ, चिकट अॅक्रिलिक गोंदावर ग्राइंडर लावला की घर्षणाच्या उष्णतेने तो वितळतो, हिऱ्याच्या तुकड्यांवर बसतो आणि यंत्र नुसतेच फिरत राहते. त्याला धारदार पाते किंवा पीसीडीचे (कृत्रिम हिऱ्याचे) दात हवेत. पीसीडी गोंद ओरबाडून काढतात. त्यांची दिशा उलटी बसली तर मात्र काँक्रीटवर खोल चरे पडतात. कडक इपॉक्सी रंगालाही तेच दात, मग ३०-४० ग्रिटचे (भरड दाण्याचे) धातूच्या बंधाचे, म्हणजे धातूत बसवलेले, हिरे. कठीण काँक्रीटला मऊ बंधाचे आणि मऊ काँक्रीटला कठीण बंधाचे हिरे लागतात. उलटे लावले तर एका ठिकाणी हिरे घासतच नाहीत, दुसऱ्या ठिकाणी तासाभरात संपतात.

गोंद विरघळवणारी रसायने वापरू नयेत, असा आमचा आग्रह आहे. ती विरघळलेला गोंद काँक्रीटच्या छिद्रांत नेऊन बसवतात आणि काही आठवड्यांनी तेच मिश्रण वर येऊन नवा गोंद मऊ करते. वरून धुतले तरी आतले निघत नाही.

डांबरी गोंदात अॅस्बेस्टॉस नाही हे सिद्ध झाल्यावरही तो मुळापासून निघणे कठीण असते. ओले करून खरवडत काँक्रीटला घट्ट चिकटलेला पातळ पापुद्रा, नुसती काळी छटा, एवढाच उरू द्या. नवा लेव्हलिंगचा माल अशा छटेवर चालतो असे उत्पादकाने लेखी म्हटले असेल तरच त्यावर जा. थेट विनाइल चिकटवले तर डांबर त्यात झिरपून पिवळट-तपकिरी डाग पडतात.

जुन्या टाइल्स ठेवाव्यात की काढाव्यात? ठोकून पाहिल्यावर तुरळक पोकळ असतील, तेवढ्याच काढून खड्डे भरता येतात. पोकळ आवाज पट्ट्यांनी किंवा मोठ्या भागांत येत असेल, तर खालचा माल सुटलेला आहे आणि आज घट्ट वाटणाऱ्या टाइल्सही त्याच वाटेवर आहेत, सगळ्या काढा. ठेवायच्या असतील तर आधी मेण आणि पॉलिश अल्कली स्ट्रिपरने उतरवा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, मग चकाकी ग्राइंडरने मोडा. क्रम उलटा झाला तर मेण चऱ्यांमध्ये भरले जाते. टाइल्सवर टाइल्स घालताना वजनही मोजा: लेव्हलिंगचा माल दर मि.मी. जाडीला चौरस मीटरमागे सुमारे १.७ किलो, १० मि.मी.च्या सिरॅमिक टाइल्स २० किलोच्या पुढे. थर साचत गेले असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय चढवू नका.

पृष्ठभाग उघडणे

थर निघाल्यावर दिसते ते अजून काँक्रीट नसते. वर सिमेंटची साय, क्युरिंगचा लेप, जुना सीलर असू शकतो. पाण्याचे थेंब टाका: मिनिटभरात शोषले गेले तर छिद्रे उघडी आहेत, मोत्यासारखे राहिले तर काहीतरी अडवते आहे. खिळ्याने ओरखडा काढा. पांढरी पूड पडली तर साय मऊ आहे.

खरखरीतपणा मोजायला इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूटचे सीएसपी नमुने वापरतात, १ सर्वांत गुळगुळीत आणि १० सर्वांत ओबडधोबड. साध्या प्रायमर आणि लेव्हलिंगला ग्राइंडिंगने मिळणारे १ ते २ बहुधा पुरते. इपॉक्सी ओलरोधकाला शॉटब्लास्टिंगचे ३ मागतात. स्कॅरिफायर (फिरत्या दातांनी पृष्ठभाग खरवडणारे यंत्र) जाड थर झपाट्याने उडवतो, पण खडीला सूक्ष्म तडे देतो, म्हणून त्याच्यानंतर ग्राइंडर फिरवावाच लागतो.

अॅसिडने धुणे टाळा. ते सगळीकडे सारखे काम करत नाही, गोंद आणि तेलावर चालतच नाही, पाणी आणि क्षार आत सोडते, आणि चालू इमारतीत त्याची वाफ धातूच्या वस्तूंना गंज चढवते.

तेल मुरलेल्या जागी डिग्रीझर आणि गरम पाणी दोन-तीनदा वापरून पुन्हा थेंबांची चाचणी घ्या. काही दिवसांनी डाग परत दिसला तर तेल खोलवर आहे; तेवढे काँक्रीट तोडून नवे भरणे हाच खात्रीचा इलाज.

धुळीबद्दल तडजोड नको. काँक्रीटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. प्रत्येक ग्राइंडरला आच्छादन आणि हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म धूळ अडवणारा) व्हॅक्यूम जोडलेला हवा, कामगारांना चेहऱ्यावर घट्ट बसणारे रेस्पिरेटर हवेत, साधे कापडी मास्क पुरत नाहीत. एसीची परतीची तोंडे प्लास्टिकने बंद करा, नाहीतर धूळ दहा मजल्यांवर पोहोचते आणि धूर ओळखणारी उपकरणे वाजू लागतात. ती उपकरणे झाकायची असतील तर इमारतीच्या सुरक्षा विभागाला कळवून, आणि काम संपताच उघडायची.

थर खरोखर घट्ट आहे का, याचे शेवटचे उत्तर ओढ-चाचणी देते: ५० मि.मी.ची धातूची चकती इपॉक्सीने चिकटवून यंत्राने ओढायची. रेझिनच्या जमिनींना सहसा १.५ न्यूटन प्रति चौ.मि.मी. मागतात. आकड्याइतकेच महत्त्व तुटले कुठे याला आहे. काँक्रीट आतून तुटले तर ठीक, पातळ पापुद्रा सुटून आला तर आणखी घासायला हवे.

तडे, सांधे आणि खड्डे

तड्याच्या दोन बाजूंवर सरळ पट्टी ठेवा. एक बाजू वर, एक खाली असेल तर स्लॅब खचतो आहे. तो प्रश्न इंजिनिअरचा, फ्लोअरिंगच्या माणसाचा नाही. दोन्ही बाजू समपातळीत असतील तर तड्यावर जिप्समची पातळ पट्टी लावून तारीख लिहा. काही आठवड्यांत ती फुटली तर तडा जिवंत आहे.

मेलेला तडा असा भरतात: कटरने ५-६ मि.मी. रुंद आणि सुमारे १० मि.मी. खोल उघडायचा, व्हॅक्यूम करायचा, पातळ इपॉक्सी तो पिणे थांबवेपर्यंत ओतायचा, आणि ओल्यावर वाळू उधळायची. स्क्रीडमध्ये (स्लॅबवरच्या मॉर्टरच्या थरात) तड्याला आडवे चर २०० ते ३०० मि.मी. अंतरावर कापून त्यात धातूचे नागमोडी तुकडे रेझिनमध्ये बसवले की दोन्ही बाजू एकत्र धरल्या जातात. चर कापताना खालच्या पाइपांची आणि केबलची आठवण ठेवा.

सांध्यांमध्ये फरक ओळखा. आकुंचनासाठी करवतीने कापलेले सांधे जुन्या स्लॅबमध्ये बहुधा शांत झालेले असतात आणि भरता येतात. इमारतीचे दोन भाग वेगळे करणारा प्रसरणाचा सांधा मात्र कधीच भरायचा नाही. तो प्रत्येक थरातून वरपर्यंत तसाच न्यायचा आणि त्यावर धातूची किंवा रबराची सांधापट्टी बसवायची. वरून झाकला तर पहिल्याच ऋतुबदलात जमीन त्या रेषेत फाटते किंवा उचलली जाते.

५ मि.मी.पेक्षा खोल खड्डे दुरुस्ती मॉर्टरने आधी भरा. पातळ स्किम कोटच्या (थापीने देण्याच्या पातळ थराच्या) मालाने खोल खड्डा भरला तर तो आतून ओला राहतो आणि खुर्चीच्या चाकाखाली चुरतो.

प्रायमर आणि लेव्हलिंग

किती सपाट हवे ते आवरणावर ठरते. विनाइल आणि रबरासाठी २ मीटरच्या पट्टीखाली ३ मि.मी. ही चांगल्या कामाची मर्यादा. ३८० मि.मी.पेक्षा मोठी कड असलेल्या टाइल्सना ३ मीटरमध्ये सुमारे ३ मि.मी. लागते. कार्पेट टाइल थोडे खपवून घेते, पण तिचे सांधे उंचवट्यावर उघडतात. सपाट आणि समपातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्हाणीघर आणि व्यावसायिक स्वयंपाकघरात जाळीकडे उतार हवा, तिथे आपोआप पसरणारा माल घालून उतार बुजवू नका.

प्रायमर छिद्रे बंद करतो. तो विसरला किंवा पातळ लागला, तर काँक्रीटमधली हवा वर येऊन लेव्हलिंगमध्ये टाचणीएवढी भोके पडतात, आणि कोरडे काँक्रीट मालातले पाणी ओढून त्याला ठिसूळ करते. शोषणाऱ्या काँक्रीटला पाण्यात मिसळून अॅक्रिलिक प्रायमर (प्रमाण डब्यावरचेच), डबकी न होऊ देता ब्रशने घासून लावा. जास्त तहानलेल्या जागी पहिला हात वाळल्यावर दुसरा. टाइल्स, टेराझो, इपॉक्सी अशा न शोषणाऱ्या तळांना वाळू मिसळलेला प्रायमर, किंवा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर उधळलेली वाळू. प्रायमर लावून दोन दिवस वर्दळ होऊ दिली, तर धूळ बसून तो निकामी होतो.

मालाचा हिशेब: क्षेत्रफळ × सरासरी जाडी × १.७ किलो. १८० चौ.मी., पातळीच्या नकाशातून निघालेली सरासरी ४ मि.मी., म्हणजे १,२२४ किलो, २५ किलोच्या ४९ पिशव्या. शॉटब्लास्ट केलेला तळ चऱ्यांमध्ये आणखी माल खातो, म्हणून १० टक्के वाढवून ५४ मागवा. अर्ध्या ओतात माल संपला तर थंड सांधा राहतो आणि तो पातळ विनाइलमधून कायम दिसतो.

पाणी मोजूनच घाला. २५ किलोला ५ ते ६ लिटरच्या आसपास जो नेमका आकडा पिशवीवर छापला असेल तोच. अर्धा लिटर जास्त पडले तर माल छान पसरतो, पण पाणी वर तरंगते, खाली जड कण बसतात आणि वर पांढरी मऊ साय उरते. विनाइल मग त्या सायीला चिकटते आणि तिच्यासकटच निघते. दर काही पिशव्यांमागे ३० मि.मी. व्यासाच्या, ५० मि.मी. उंच कडीने पसरण तपासा आणि व्यास माहितीपत्रकाशी ताडून पाहा.

किमान पाच माणसे लागतात: दोघे मिश्रण करायला, एक ओतायला, एक गेज रेक (ठरलेल्या जाडीत माल पसरवणारे अवजार) फिरवायला, एक काटेरी रोलरने हवा काढायला. पाणी आधी, पावडर नंतर, दोन मिनिटे मंद गतीच्या मिक्सरने. मिश्रण साधारण १५ ते २० मिनिटेच ओतण्याजोगे राहते, उष्ण हवेत त्याहूनही कमी. प्रत्येक नवी बादली आधीच्या ओल्या कडेला भिडली पाहिजे. जागा रुंद असेल तर फोमच्या पट्ट्या लावून पट्टे पाडा. भिंतीशी आणि खांबांशी फोमची पट्टी हवीच. जमिनीतले डबे, जाळ्या, पाइपांची भोके आधी बंद करा. हा माल पाण्यासारखा शिरतो आणि खालच्या मजल्याच्या छतावर उतरतो.

ओतताना दारे-खिडक्यांचा वारा आणि थेट ऊन बंद ठेवा. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावे. बहुतेक माल ३-४ तासांत चालण्याजोगा आणि दुसऱ्या दिवशी पातळ आवरणासाठी तयार होतो. जाडी जास्त असेल तर पुन्हा ओल मोजा.

वेगळे तळ

कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे अॅनहायड्राइट स्क्रीडवर थेट सिमेंटचा माल घालणे धोक्याचे आहे. ओल मिळताच दोघांच्या सीमेवर फुगणारे स्फटिक बनतात आणि वरचा थर अख्खा सुटतो. वरची साय घासून काढा, कार्बाइड पद्धतीने (नमुन्यात कॅल्शियम कार्बाइड मिसळून) ओल ०.५ टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करा (सिमेंट स्क्रीडला २ टक्के), आणि मग वेगळा करणारा प्रायमर द्या.

लाकडी तळाला आधी कुरकुर थांबवायला स्क्रू, मग किमान ६ मि.मी. प्लायचा थर. स्क्रू कडेला १०० आणि मध्ये १५० मि.मी. अंतरावर, सांधे खालच्या सांध्यांवर येऊ न देता.

उचललेल्या जमिनीचे पॅनेल उघडता यायला हवेत, म्हणून त्यावर लेव्हलिंग नाही. डुलणारे पाय घट्ट करा, पॅनेलच्या कडा समान करा, आणि कार्पेट टाइल्स अर्ध्या मापाने सरकवून घाला, म्हणजे दोन्हींचे सांधे एकावर एक येत नाहीत. खाली सुटा होणारा चिकट लेप वापरा.

गोंद उघडण्याआधी

रुग्णालयात विनाइल भिंतीवर १०० ते १५० मि.मी. चढते. तेवढ्या पट्टीतला रंग आणि सैल गिलावा काढून ती सपाट करणे हेही तळाच्याच तयारीत मोडते, आणि बऱ्याचदा शेवटच्या दिवशी आठवते.

रात्री बॅटरी जमिनीवर आडवी ठेवा. दिवसा न दिसणारे थापीचे चरे, वाळूचे कण, ओतांच्या कडा लांब सावल्या टाकतात. मोठ्या खिडक्यांच्या उजेडात २ मि.मी. विनाइलवर नेमके हेच दिसणार असते. घासा, गरज असेल तिथे स्किम द्या, पुन्हा घासा. मग हेपा व्हॅक्यूम, आणि त्यानंतर काळा कपडा हाताने ओढून पाहा. कपडा पांढरा झाला तर अजून एकदा व्हॅक्यूम. ओल्या पोछ्याने पुसू नका. उरलेल्या धुळीचा चिखल होऊन पातळ पापुद्रा बसतो.

आवरणाचा माल, गोंद आणि जागा ४८ तास एकाच तापमानात, साधारण १८ ते २७ अंशांत ठेवा. आर्द्रता, पीएच, ओढ-चाचणीचे आकडे, मालाचे बॅच क्रमांक आणि उघड्या तळाचे फोटो तारखेसह एका फाइलमध्ये लावा आणि आवरण बसवणाऱ्या पथकाच्या मुकादमाची सही घ्या. त्यानंतर एका कोपऱ्यात मीटरभर तुकडा चिकटवून तीन दिवसांनी ओढून पाहा. तळ फाटून आला तर काम थांबवून पुन्हा घासा. आवरणाची पाठ फाटली आणि गोंद दोन्हीकडे घट्ट राहिला, की पूर्ण मजल्यावर गोंद पसरायला हरकत नाही.